नऊ कोऱ्या ओळी

त्या रविवारी आबांनी लेकीच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि तिनं पहिला घास मोडायच्या आतच खिशातून एक गुलाबी कागद काढून तिच्यासमोर धरला.

"बाय, ही सही तुझीच न्हवं?"

प्रियदर्शनीनं पाहिलं. सही तिचीच होती. घाईत केलेली, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. सांगलीच्या तंत्रनिकेतनात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. दहावीचा निकाल लागला की डिप्लोमाच्या प्रवेशअर्जांचा ढीग यायचा आणि सगळ्या अध्यापकांना त्या कामाला जुंपलं जायचं. गेला आठवडाभर ती अर्ज तपासून पोचपावत्या देत होती. ही त्यातलीच एक.

"माझीच आहे. का?"

"अर्ज बगितला हुतास?"

"आबा, दिवसाला दोन-दोनशे अर्ज येतात. गुणपत्रक, दाखला, फोटो, सही. सगळं असलं की पावती द्यायची."

आबांनी पावतीला टाचलेली अर्जाची प्रत उलटी केली, चष्मा पुढे ओढला आणि बोट ठेवलं. "हितं पसंतीच्या धा ओळी हायत. कुठलं गाव, कुठली शाखा. पोरीनं एकच भरलीया. सातारा, इलेक्ट्रॉनिक. खाली नऊ कोऱ्या."

"एक भरली तरी अर्ज चालतो. नियमात बसतं ते."

"बसतं व्हय," आबा म्हणाले.

स्टोव्हपुढं भाकरी थापत असलेली आई वळली. "आवं, जेवू द्या की तिला. आठ दिसांनी आलीया पोर, आन् तुमी कचेरी मांडून बसलाय."

"म्या कुठं ताट वढलंय तिचं?" आबांनी चटणीवर तेलाची धार सोडली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काऊंटरच्या आत बसलीस, बाय. तरी एक बी प्रश्न इचारला न्हाईस."

तिनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

आबा, म्हणजे केरू भागूजी, रहिमतपूरच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. स्वतः चौथी शिकलेले. तासाचे टोल तेच द्यायचे म्हणून शाळेतली पोरं त्यांना तासमामा म्हणत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गावात तेच नाव राहिलं होतं. त्यांचं खरं शिक्षण झालं ते हेडमास्तरांच्या दाराशी. चहा आत न्यायचा आणि कप रिकामे होईपर्यंत उभं राहायचं. जून महिन्यात आत डॉक्टर यायचे, वकील यायचे, पेढीवाले यायचे. ते बसायचे आणि विचारायचे. आठवीच्या अ तुकडीला गणित कोण शिकवतं? स्कॉलरशिपच्या परीक्षेला किती मुलं बसवता? बाहेरच्या ओळीतली माणसं आत आली की उभीच राहायची, हात जोडायची, "पोराला शाळंत घ्या," एवढं बोलायची आणि उलट्या पावली निघून जायची. हेडमास्तर काही लपवून ठेवायचे नाहीत. विचारलं की सांगायचे. पण विचारायचं काय, हेच ज्यांच्या घरात कुणाला माहीत नाही, त्यांनी विचारावं तरी काय? आबांनी चहाचे कप विसळता विसळता ते प्रश्न पाठ केले.

प्रियदर्शनी आठवीत गेली तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, "बाय, संस्कृत घ्यायचं."

"संस्कृत? कशाला?"

"संस्कृताचं मला कायबी ठावं न्हाई. गणिताचं ठावं हाय. जी पोरं संस्कृत घेत्यात ती समदी अ तुकडीत जात्यात, आन् अ तुकडीलाच हेडमास्तर सोता गणित शिकिवत्यात. वकील इचारत हुतं."

वस्तीतल्या जोतिबाकाकांनी चार माणसांत टोमणा मारला, "केरू, पोरीला पूजा सांगाय धाडतुयास का रं?"

"न्हाई गड्या, इंजिनेर करतुया," आबा म्हणाले. "त्येची वाट तिकडनं जाती, त्येला म्या काय करू?"

ती इंजिनिअर झाली. पुढं गेटजवळच्या बाकावर बसून आबा येईल त्या आईबापाला हेच प्रश्न शिकवू लागले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं एकेक बोट धरायचे. अंगठ्याला तुकडी. त्याच्या शेजारच्या बोटाला मास्तर कोण. मग राहायची सोय, मग शेवटची तारीख. करंगळीला मात्र ते नेहमी एकच प्रश्न बांधायचे: "सायेब, आमी इचारायचं काय राहिलं का?" ते म्हणत, चार बोटं विसरली तरी चालतील, करंगळी विसरू नका.

नऊ ओळी कोऱ्या सोडणारी पोरगी मायाक्का. जत तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांची मेंढरं रहिमतपूरच्या रानांत बसायला यायची. रात्री ज्याच्या रानात बसतील त्याला खत मिळायचं, त्याबदल्यात यांना धान्य. सहा वर्षांपूर्वी तिच्या आजीनं, हरणाबाईनं, नातीला हाताला धरून गेटवर आणलं होतं. आबांनी तिला पाचवीत बसवलं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. मेंढरामागे फिरताना बापाचा बिघडलेला रेडिओ सुईनं आणि तारेच्या तुकड्यानं चालू करणारी ती पोर. तिला दहावीत चौऱ्याऐंशी टक्के पडले होते.

"शनिवारी हास्टेलातली पेटी न्याय आलती," आबा सांगत होते. "म्या म्हनलं, बाकीच्या ओळी भर. न्हाई म्हनली. का, तर सांगंना. मान खाली, आन् न्हाई ती न्हाई. गुरवारी दुपारी एकपातूर ओळी बदलाय देत्यात, हाय न्हवं?"

"देतात. मूळ पावती दाखवावी लागते."

"म्हणून तर पावती म्या ठेवून घेतलीया. तिला आन् म्हातारीला म्हनलं, गुरवारी सांगलीला गेटम्होरं थांबा, म्या येतो. तू बी जरा बाहेर ये त्यावेळी. तुजं ऐकंल ती."

प्रियदर्शनीनं ताटातली भाकरी उगाच चार ठिकाणी मोडली. "आबा, मी आतूनच बघेन. बाहेर... ड्यूटी असते मला. सगळे असतात तिथं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले. अगदी मनापासून हसले.

"भिऊ नगं. म्या तितं तासमामाच असतो की."

तीही हसली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं सांगलीला परत गेली. तो शेवटचा साधा दिवस.

सोमवारी सकाळी शाळेच्या प्रार्थनेचे टोल पडले. गेटजवळच्या बाकावर बसलेले तासमामा एकतीस वर्षांच्या सवयीनं त्या आवाजाला उठून उभे राहायचे. त्या दिवशी उठले नाहीत. नव्या शिपायानं जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा त्याला कळलं.

बुधवारी राख सावडून झाली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला. घरात पाहुण्यांची गर्दी होती. कुणी ना कुणी सारखं आबांबद्दल बोलत होतं, आणि प्रियदर्शनी सगळ्यांना पाणी देत होती. ती रडली नव्हती. आबांचा सदरा खुंटीवरून काढताना खिशात हात गेला आणि गुलाबी कागद हाताला लागला.

दोन माणसं उद्या सांगलीला गेटसमोर उभी राहणार होती. त्यांना फोन नव्हता, निरोप पोचवायला वेळ नव्हता. पावती इथं होती. एक वाजला की खिडकी बंद होणार होती, आणि साताऱ्याच्या त्या एका शाखेला चौऱ्याऐंशी टक्के पुरतील याची प्रियदर्शनीला मुळीच खात्री नव्हती. पुरले नाहीत तर दुसरी ओळच नव्हती. पोरगी परत मेंढरामागं.

"उद्या मला सांगलीला जायचंय," ती म्हणाली.

जोतिबाकाका आता सत्तरीला आले होते. "आगं, कार्यक्रम होईस्तोवर लेकीनं घर सोडू न्हाई. लोक काय म्हंतील?"

आई भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "लोक काय म्हंतील त्ये म्या ऐकून घेतो, भावजी. त्ये असतं तर गेलं असतं का न्हाई गुरवारी? मग तिला जाऊ द्या. हितं बसून ती काय त्यास्नी उठवनार हाय?"

सकाळी निघताना आईनं तिच्या हातात लहान डबा ठेवला. चटणी होती. "तुझ्या त्या मैत्रिणीला आवडती," एवढंच म्हणाली. प्रियदर्शनीनं मान वळवली. आईला सगळं माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत ती एका शब्दानं बोलली नव्हती.

ते असं होतं.

पाचवीत, शाळेच्या पहिल्याच महिन्यात, पाहुणे आले होते आणि आबा टपालाला गेले होते. कारकुनानं वर्गात येऊन तिला उठवलं, "ए, केरूची ना तू? चल, पाणी दे पाहुण्यांना." गणिताचा तास बुडाला. त्या संध्याकाळी आबांनी नियम घातला: "उद्यापासनं शाळंत म्या तुजा कुणी न्हाई. समदी पोरं म्हणत्यात तसं मामा म्हण." माहीत सगळ्यांना होतं, पण हाक मारली नाही की माणसं विसरतात. वर्षभरात खरंच विसरली. नियम आबांचा होता. पण तो पाळायला तिला कधीच जड गेलं नाही, हे तिचं होतं.

आणि मग सांगली. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, मुलींचं होस्टेल. खोलीत तिच्याबरोबर वाईच्या डॉक्टरांची मुलगी विनोदिनी. एका रविवारी विनोदिनी धावत आली, "प्रिया, खाली कुणीतरी डबा घेऊन आलंय तुझ्यासाठी!" खाली आबा उभे होते, खाकी पँट, पायांत टायरच्या चपला. विनोदिनी शेजारी उभी. शाळा शंभरेक किलोमीटर मागं राहिली होती. तिथं नियम नव्हता, कारकून नव्हता, पाहुणे नव्हते.

"हे आमच्या शाळेतले तासमामा," प्रियदर्शनी म्हणाली.

आबांची पापणीही हलली नाही. "व्हय बाई," ते विनोदिनीला म्हणाले. "पोरीच्या वडलांनी डबा धाडलाय. त्यास्नी लय काम असतं."

चार वर्षं ते दर महिन्याला आले, ते तासमामा म्हणूनच. विनोदिनीला त्यांचा लळा लागला. ती बोटानं चटणी चाटायची, आणि ते तिला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "बाई, तुमच्या वडलांनी यंदा सुट्टीत काय कराय सांगितलंय?" विनोदिनी सांगायची: कारखान्यात महिनाभर काम शिकायला जा म्हणालेत, अर्ज फेब्रुवारीतच करावा लागतो. पुढच्या महिन्यात प्रियदर्शनीचाही अर्ज गेलेला असायचा. डॉक्टरांच्या घरातलं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं आबा असं डब्यातून घरी नेत होते.

आता विनोदिनी त्याच तंत्रनिकेतनात तिच्या शेजारच्या टेबलावर होती.

सव्वाअकराला प्रियदर्शनी गेटशी पोचली. हरणाबाई घोंगडीची घडी अंगाखाली घेऊन भिंतीच्या सावलीत बसली होती. मायाक्का उभी होती, दोन वेण्या, शाळेचाच निळा स्कर्ट.

"तासमामा आलं न्हाईत?" प्रियदर्शनीच्या हातातली गुलाबी पावती बघून हरणाबाईनं विचारलं. "रातच्या यष्टीनं आलोय आमी."

"तासमामा..." प्रियदर्शनीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तासमामा गेले, आजी. ही पावती त्यांनी तुमच्यासाठी ठेवली होती."

"यव्वा!" म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. ती मोठ्यानं रडली नाही. बसल्या जागी पुढं-मागं झुलत राहिली. मायाक्का खाली बघत उभी होती, आणि तिच्या पायाच्या अंगठ्याजवळची माती ओली होत होती.

रडायला वेळ नव्हता. प्रियदर्शनीनं तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि अर्ज मांडीवर ठेवला. "मायाक्का, नऊ ओळी कोऱ्या का सोडल्यास?"

मायाक्कानं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"साताऱ्याला नाही मिळालं तर? इथं सांगलीला हीच शाखा आहे. कराडला आहे. लिहायला काय हरकत आहे?"

"खोटं व्हतंय ते, मॅडम," मायाक्का शेवटी म्हणाली.

"खोटं कसं?"

"आमी एकाच्या रानाला शब्द दिला की दुसऱ्याच्या बांधावर जात न्हाई. धा जणास्नी येतो म्हनायचं आन् एकाकडंच जायचं, म्हंजी नऊ जणास्नी फसवलं की. माझा बाप आसलं करत न्हाई."

प्रियदर्शनीनं पेनाचं टोपण परत लावलं. शेकडो अर्ज तिच्या हाताखालून गेले होते. डॉक्टरांची मुलं दहाच्या दहा ओळी भरत, वर जागा कमी पडली म्हणून तक्रार करत. त्यांना कुणी खोटं म्हटलं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतंच. ही पोरगी मात्र आपल्या घरचा प्रामाणिकपणा घेऊन आली होती, आणि तोच तिला घरी परत पाठवणार होता. नियम समजावून सांगायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात हरणाबाई उठून जवळ आली. कंबर धरत नातीसमोर उकिडवी बसली.

"काय म्हनतीयास गं? शब्द दिला?"

"व्हय, अव्वा."

"मेंढरं बसवायच्या आदी तुजा आज्जा काय करायचा? घरात बसून शब्द द्यायचा? धा रानं बघायचा! हितं पाणी हाय का, तितं काटा हाय का, मालक भांडकुदळ हाय का. ज्येच्या त्येच्या बांधावर जाऊन पान-तंबाकू खाऊन यायचा. त्या समद्यास्नी फसवत हुता का त्यो?"

"न्हाई."

"मग? शब्द कवा द्यायचा?"

"मेंढरं आत घालताना," मायाक्का हळूच म्हणाली.

"आन् आता मेंढरं कुठं हायत? बाहेरच की! ही बघायची येळ हाय, बये. लिव्ह." म्हातारीनं नातीचे दोन्ही हात धरून पुढं ओढले. "एका बोटाला एक रान."

मायाक्कानं लिहायला घेतलं. प्रियदर्शनी गाव आणि शाखा सांगत होती, हरणाबाई एकेक बोट मुडपत होती. दहावं बोट मुडपलं तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

रांगेत पुढं विनोदिनीचं टेबल होतं. ती प्रियदर्शनीला बघून अर्धी उठलीच. "प्रिया! तू कशाला आलीस? वडील जाऊन चार दिवस नाही झाले आणि..."

"हिचं काम होतं. पावती माझ्याकडे होती."

विनोदिनीनं अर्ज बघितला, दहा ओळींवरून पेन्सिल फिरवली, शिक्का मारला. झालं. मायाक्का निघणार, तेवढ्यात हरणाबाईनं टेबलावर हात ठेवला. तिची करंगळी वर होती.

"बाई, आमी इचारायचं काय राहिलं का?"

विनोदिनीच्या हातातला शिक्का थांबला. तिनं म्हातारीकडे नीट बघितलं, मग अर्जाकडे, मग पत्त्याकडे. "जत. म्हणजे रोज येणं-जाणं नाही जमायचं. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, आजी. तोही आज एकपर्यंतच. भरलाय का?"

भरला नव्हता. प्रियदर्शनीलाही सुचलं नव्हतं. विनोदिनीनं ड्रॉवरमधून अर्ज काढला, स्वतःच भराभर भरला, हरणाबाईचा अंगठा घेतला. एकला दोन मिनिटं कमी होती.

"हा प्रश्न तुम्हाला शिकवला कुणी, आजी? इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नाही."

"तासमामानं," हरणाबाई म्हणाली. "रहिमतपूरच्या शाळंचं."

"तासमामा? प्रिया, आपले तासमामा? चटणीवाले?" विनोदिनीचा चेहरा उजळला. "कसे आहेत गं ते?"

"गेलं बाई त्ये," हरणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "ह्याच आठवड्यात."

"अरे देवा." विनोदिनीनं प्रियदर्शनीचा हात धरला. "एकाच आठवड्यात दोघं? तुझे वडीलही आणि तासमामाही?"

हरणाबाई वळली. "तुमचं वडील बी गेलं, बाई? आन् तुमी दुःख गुंडाळून आमच्यासाटनं आलाय?"

रांगेतले लोक बघत होते. प्रियदर्शनीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नसतं. आबा एकदाच गेले होते. त्या टेबलाशी त्यांचे दोन झाले, आणि त्या दोघांपैकी एकालाच मुलगी होती.

चटणीचा डबा पिशवीत तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी याद्या लागल्या. सकाळपासून तंत्रनिकेतनाच्या व्हरांड्यात फळ्यासमोर माणसांचा गठ्ठा होता. प्रियदर्शनी आत होती. आपल्या टेबलावरून तिला फळा दिसत नव्हता, फक्त डोकी दिसत होती. मग तिनं खुर्ची मागं सारली आणि ती काऊंटरची फळी उचलून बाहेर आली. तिच्या सात वर्षांच्या नोकरीत याद्या लागण्याच्या दिवशी ती पहिल्यांदाच त्या बाजूला उभी राहिली.

मायाक्का गर्दीत शिरत होती. साताऱ्याच्या यादीवर तिचं बोट वरून खाली आलं. शेवटचं नाव आलं. तिचं नव्हतं. यादी तिच्या दोन नंबर आधी संपली होती. हरणाबाई लांबून पोरीचा चेहरा वाचत होती, आणि तो चेहरा पडला तसा म्हातारीचाही पडला.

"दुसरी ओळ!" प्रियदर्शनी ओरडली. सगळ्यांनी वळून बघितलं. "मायाक्का, दुसरी ओळ बघ! सांगली!"

बोट शेजारच्या कागदावर गेलं. एक, दोन, आठ, अकरा. तिथं थांबलं, आणि हललंच नाही.

"अव्वा!" मायाक्का किंचाळली. "घेतलं! मला घेतलं! इलेक्ट्रॉनिक!"

मग जे झालं ते तंत्रनिकेतनात आधी कधी झालं नव्हतं. हरणाबाईनं कनवटीची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तो पिवळाधमक भंडारा थेट फळ्यावर उधळला. याद्या पिवळ्या झाल्या, पुढच्या चार पोरांची डोकी पिवळी झाली, प्राचार्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा सफारी पिवळा झाला. तंत्रनिकेतनाचा शिपाई भाऊसो धावत आला, "ओ आज्जी, काय करताय! ही सरकारी यादी हाय!" म्हातारीनं त्याच्याही कपाळाला बोट लावलं, "माझ्या नातीचं नाव हाय रं तिच्यावर!" आणि भाऊसो रागवायचा विसरून हसायला लागला. ज्यांची नावं लागली नव्हती तेही हसत होते. विनोदिनी आतून धावत आली तर तिच्याही केसांत भंडारा पडला.

"वसतिगृहाच्या यादीतही आहे ती!" विनोदिनी हातातला कागद हलवत म्हणाली. "प्रिया, दोन्हीत आहे!"

मायाक्का वाकून प्रियदर्शनीच्या पाया पडायला लागली. प्रियदर्शनीनं तिला मध्येच धरलं. "तीन आठवड्यांनी माझ्याच वर्गात बसशील," ती म्हणाली. "तेव्हा पाया नको पडूस. प्रश्न विचार."

हरणाबाई हात पुसत आली. मुठीत थोडा भंडारा राहिला होता. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ घट्ट मारली.

"बाई, ह्यो तासमामाच्या घरी न्यायचा हाय. तुमी त्येंच्या वळखीच्या, तुमाला घर ठावं असंल. आमी त्यास्नी नुसतं गेटवरच बगितलं. त्येंच्या मागं कोन हाय? लेकरू-बाळ काय हाय का न्हाई? त्यास्नी कुनी सांगाय पायजे की, तुमच्या बापानं काय करून ठेवलंय."

"मलाही यायचंय," विनोदिनी म्हणाली. "चार वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं मी. आणि घर कुठं, मुलं किती, कधी विचारलं नाही बघ."

व्हरांडा भरलेला होता. सगळे होते तिथं: प्राचार्य, कारकून, पालक, पुढच्या वर्षी तिच्या वर्गात बसणारी मुलं. भाऊसो केरसुणीनं भंडारा झाडत होता. त्याची खाकी पँट गुडघ्यावर पिवळी झाली होती.  प्रियदर्शनी बोलली, आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"विनोदिनी, त्या आठवड्यात दोघं गेले नाहीत. एकच गेले." तिनं हरणाबाईच्या पदराची गाठ स्वतःच्या हातात घेतली. "त्यांना एक मुलगी आहे, आजी. मीच ती. केरू भागूजी, रहिमतपूरच्या शाळेचे शिपाई. तासमामा माझे वडील होते. माझे आबा."